परसोंची अंडी

अठरा वर्षं हैदराबादच्या आमच्या कॉलेजात मी 'अंडा मॅडम' होते. हजेरीपटावर माझं नाव वेगळं आहे आणि हुद्दा प्रयोगशाळा सहायक असा आहे, म्हणजे मॅडम म्हणवून घ्यायचा मला तसा काही हक्क नाही. पण प्राणिशास्त्राच्या मुलामुलींना कोंबडीच्या अंड्यातला गर्भ दाखवायचं काम माझ्याकडे होतं. कवचाला खिडकी पाडायची आणि आतलं ते धडधडणारं लाल टिंब न फाटता काचेवर घ्यायचं. आमच्या विभागात हे मला जमायचं तसं पीएच.डी. झालेल्यांनाही जमायचं नाही. हे मी गर्वानेच सांगते, कारण गर्व करावा असं माझ्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं.

इन्क्युबेटरच्या खोलीची किल्ली एकच होती आणि ती माझ्या पर्समध्ये असायची. दुपारी एक वाजता विभागप्रमुख मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी येऊन डबा उघडायच्या. त्या तेलुगू, त्यांच्या डब्यात गोंगुरा पचडी, म्हणजे आंबट पाल्याची चटणी, ठरलेली. माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी त्यांना हवी असायची आणि त्यांची पचडी मला. प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये जेवायची आणि मॅडम माझ्याकडे. हे सगळ्यांना दिसत होतं आणि ते दिसावं असं मलाही वाटत होतं.

मग ती पुण्याहून आली, विभागात नवी प्राध्यापिका म्हणून. तिशीतली, हुशार, नवरा पुण्यात नोकरीला, ही इकडे एकटी. मराठी बोलणारं कुणीतरी विभागात येतंय म्हणून सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे आज सांगताना हसू येतं. अंबरपेठेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिला खोली मीच शोधून दिली. समोरच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर होता, पण त्यामुळे भाडेकरू टिकत नाहीत असं काही नव्हतं. तिनेही तेव्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

आमच्या घरातलं मराठी चार पिढ्या हैदराबादेत मुरलेलं. आजोबा निजामाच्या काळात कचेरीत होते, वडीलही सरकारी नोकरीत. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, आणि बोलताना यातलं कुठलं कुठे संपलं हे आम्हाला कळत नाही. तिचं मराठी इस्त्री केलेलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हणाले, "परवा सुलतान बाजारात गेले होते, तिथे छान पातळं आलीत." तिने कुठलं दुकान, किती वाजता उघडतं वगैरे विचारलं, आणि बोलता बोलता निघालं की मी गेले होते ते दिवाळीच्या आधी. तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. ती खळखळून हसली. विभागप्रमुख मॅडमना हिंदीत म्हणाली, "मॅडम, ताईंचा परवा म्हणजे गेली दिवाळी!" मॅडमही हसल्या. आता हैदराबादेत परसों म्हणजे मागे केव्हातरी, काल सोडून कुठलाही दिवस. हे मॅडमना माझ्याइतकंच ठाऊक होतं, त्या स्वतः तसंच बोलतात. पण त्या हसल्या. पुण्याचे लोकही परवा परवा म्हणत गेल्या महिन्यातल्या गोष्टी सांगतात, हे मला नंतर घरी आल्यावर सुचलं. तिला मात्र ती माझी चूक वाटली. साऱ्या शहराची बोली अशी आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं. दुसरा शब्द वापरून उगाच सभ्यपणा कशाला दाखवू?

मॅडमचा डबा हळूहळू तिच्या टेबलाकडे वळला. गोंगुरा खाताना ती म्हणाली, "ही तर आमची अंबाडी!" मॅडमना त्याचं केवढं कौतुक. बारा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलले होते, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती. एका महिन्याने मॅडमनी मला सांगितलं, "एक चाबी और बनवा लेव ना, उनको भी लगती." सुलतान बाजारात जाऊन दुसरी किल्ली मीच करून आणली. ती तिने रंगीत गोंड्यात अडकवली आणि गोंडा दिवसभर टेबलावर ठेवू लागली. आणि एक दिवस जिन्यावर मुली बोलताना ऐकल्या, "अंडा मॅडम आज छुट्टी पे हैं क्या?" मी तर तिथेच, त्यांच्या मागे उभी होते. त्या तिच्याबद्दल बोलत होत्या.

तिला प्रयोग करायचा होता. मोबाईलच्या लहरींचा अंड्यातल्या पिल्लावर काय परिणाम होतो, हा विषय. दोन इन्क्युबेटर घ्यायचे. एकात अंड्यांच्या ट्रेवर चालू फोन ठेवायचा आणि दिवसभर त्यावर ठरल्या वेळी फोन लावत राहायचं. दुसरा इन्क्युबेटर लांब, कोठीच्या खोलीत ठेवायचा आणि त्यात तसलाच बंद फोन. बाकी उष्णता, ओलावा, अंडी फिरवणं सगळं सारखं. एकविसाव्या दिवशी मोजायचं. असे प्रयोग ठिकठिकाणी होतात, कुणाला परिणाम दिसतो, कुणाला दिसत नाही, असं तिने मॅडमना समजावलं. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "देखो, डिपार्टमेंट का नाम करती ये." अठरा वर्षांत मी विभागाचं नाव बुडवत होते की काय, असं विचारावंसं वाटलं.

अंडी आम्ही नेहमी अंबरपेठच्या बाजारामागच्या एका चाचांकडून घेतो. त्यांच्या अंगणात कोंबड्या आणि कोंबडे मोकळे फिरतात, त्यामुळे अंडी उबवायला चालतात. दुकानातली अंडी खायची, त्यातून पिल्लू निघत नाही. चाचा देवमाणूस, पण वेळेचं भान म्हणाल तर पक्के हैदराबादी. म्हणून माझी एक रीत ठरलेली होती. चाचा म्हणाले, "ये परसों के हैं," की मी विचारायची, "कौनसे परसों?" मग ते दाढी खाजवत आठवायचे. बिजलीवाला आला होता त्या दिवशीचे, नाहीतर नातवाला ताप होता तेव्हाचे. त्यावरून मी हिशेब लावायची आणि आठवड्याच्या आतली तेवढीच उचलायची. अंडं जुनं झालं, त्यातून आपल्याकडचा मार्चचा उकाडा, की आतला जीव उबवण्याआधीच निम्मा संपलेला असतो. हे कुठल्या पुस्तकात वाचून नाही, हात भाजून शिकले मी.

त्या दिवशी आम्ही दोघी गेलो. चाचांकडे दोन ट्रे होते. "ये कल-आजके हैं बीबी, और ये परसों के. दोनों एकदम ताजे." तिने लगेच वहीत लिहिलं: एक ट्रे शून्य ते एक दिवस, दुसरा दोन दिवस. हिंदी ती शाळेत शिकली होती, आणि शाळेच्या हिंदीत परसों म्हणजे परसों. मला म्हणाली, "एक-दोन दिवसांचा फरक चालतो ना ताई?"

माझ्या जिभेवर दोनच शब्द होते. कौनसे परसों. मी चाचांकडे बघितलं. चाचा दाढीला हात लावून तयारच होते, मी विचारणार हे त्यांना माहीत होतं. आणि मला तिचं ते हसणं आठवलं. ताईंचा परवा म्हणजे गेली दिवाळी. म्हटलं, आता बघ तुझी दिवाळी.

"चालतो," मी म्हणाले.

दाढीवरचा हात काढून चाचा ट्रे दोरीने बांधू लागले.

कॉलेजात प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायचा असतो, म्हणजे फिरवताना चूक होत नाही. ते करताना मी अंडी दिव्यासमोर धरली. जुन्या अंड्यात हवेची पोकळी मोठी दिसते. परसोंच्या ट्रेमधल्या जवळजवळ सगळ्यांत पोकळी रुपयाच्या नाण्याएवढी पसरलेली होती. ती फोनची जोडणी करण्यात गुंतली होती. मी विचारलं, "कुठला ट्रे कुठे ठेवू मॅडम?" खरं तर दोन्ही ट्रे मिसळून अर्धे-अर्धे ठेवायचे, हे तिलाही कळायला हवं होतं आणि मला तर कळतच होतं. ती मान वर न करता म्हणाली, "ठेवा ना कसेही, सारखेच आहेत." परसोंचा ट्रे मी फोनखाली ठेवला. तो माझ्या हाताशी होता म्हणून ठेवला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. हाताशी दोन्ही होते.

मला काय हवं होतं? तिचा प्रयोग फसावा, मॅडमच्या कपाळावर आठी पडावी, आणि त्यांनी माझ्याकडे येऊन म्हणावं की तुम्ही असताना असं कसं झालं. याच्यापुढे माझं डोकं चाललं नव्हतं.

फोन लावायचं काम तिने मला दिलं. तास झाला की मी विभागातल्या फोनवरून इन्क्युबेटरमधल्या फोनला फोन करायची. आवाज बंद केलेला असायचा, कुणी उचलायचा प्रश्नच नव्हता. घरी नवरा रोज विचारायचा, "काय, आज तरी उचलला का अंड्यांनी?" अठरा वर्षांच्या नोकरीनंतर मी अंड्यांना मिस्ड कॉल देत होते. आमच्या भागात वीज जाते तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून इन्क्युबेटरमध्ये ठेवायची युक्ती माझी. दोन्हीकडे मी त्या सारख्याच ठेवल्या. त्या बाबतीत मी बेइमानी केली नाही. हे मी आता स्वतःची बाजू मांडायला सांगतेय हे मला समजतं.

एकविसाव्या दिवशी कोठीच्या खोलीतून किलबिल ऐकू आली. फोनखालच्या ट्रेमध्ये दोन-तीन पिल्लं कशीबशी निघाली, बाकी अंडी गप्प. मी गंभीर चेहरा करून उभी राहिले. आता तिचा चेहरा पडेल म्हणून वाट बघत होते. पण ती आणि मॅडम एकमेकींकडे बघत होत्या, आणि मॅडमचा चेहरा उजळला होता. "अम्मो! इतना फरक?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला प्रयोग बिघडवायचा होता आणि मी तो तिच्यासाठी घडवून दिला होता. फोनने पिल्लं मारली, हेच तर सगळ्यांना ऐकायचं होतं.

पुढचे दिवस मी कशी जळत होते ते सांगून पटायचं नाही. मॅडमनी पुढच्या महिन्यातल्या परिसंवादासाठी तिचं नाव पाठवलं. भलामोठा रंगीत तक्ता छापून आला, त्यावर वर मॅडमचं नाव आणि तिचं, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'तांत्रिक साहाय्य' म्हणून आम्हा तिघाचौघांचे आभार. त्यात इलेक्ट्रिशियनचं नाव माझ्या आधी. प्राध्यापक मंडळी तिला येता-जाता विचारायची, फोन उशाशी ठेवावा का, खिशात ठेवावा का. ती उत्तरं द्यायची. तिचं सगळं यश माझ्या एका ट्रेवर उभं होतं, आणि ते खाली ओढायचं तर मला स्वतःला त्याच्याखाली यावं लागणार होतं. म्हणून मी गप्प बसले. भाकरी एकटीने खात राहिले.

मग तिचं हसणं कमी झालं. आधी मला बरंच वाटलं. तिने फोन वापरणं जवळजवळ सोडलं. स्टीलच्या गोल डब्यात फोन ठेवायची, झाकण घट्ट लावून. मॅडमचे फोन लागेनात म्हणून मॅडम वैतागल्या. एकदा मी गल्लीतून जाताना बघितलं तर तिच्या खोलीच्या टॉवरकडच्या खिडकीला आतून जाड चादर ठोकलेली होती. एवढ्या उन्हाळ्यात. मनात म्हटलं, नाटकं बघा.

एका दुपारी ती इन्क्युबेटरच्या खोलीत आली. मी फ्रीजमध्ये राखून ठेवलेली न फुटलेली अंडी फोडून आतला गर्भ किती दिवसांचा होऊन मेला ते वहीत लिहीत होते. हे काम तिचं होतं, पण ते तिने माझ्याकडे ढकललं होतं, आणि त्याचाही मला राग होता. ती दाराशीच थांबली.

"ताई, सगळी लवकर गेलीत का हो? अगदी सुरुवातीलाच?"

"हौ. बहुतेक पहिल्या चार-पाच दिवसांतच."

ती स्टुलावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला चौथा महिना लागलाय."

मी चिमटा खाली ठेवला.

"इथे कुणाला सांगितलं नाही अजून. सुरुवातीला मला फार उलट्या व्हायच्या, एकटीला करमायचं नाही. रोज दोन-दोन तास आईशी बोलायचे. पडून. फोन इथे ठेवून, स्पीकरवर." तिने तळहात पोटावर ठेवला. "समोर तो टॉवर, आणि हा इथे. पहिले तीन महिने, ताई. आणि तीच मी, इथे बसून मोजत होते कुठली मेली ते." ती रडायला लागली, आणि रडत रडतच बाकीचं सांगितलं. आईचा फोन आता ती घेतच नव्हती. आईला वाटत होतं, लेक कशावरून तरी रुसली. नवऱ्याला ती म्हणाली होती, "काही वेडंवाकडं झालं तर तो माझा दोष असेल."

तिचा दोष. मी समोरच्या वाटीतल्या, फोडलेल्या अंड्याच्या पिवळट पाण्याकडे बघत राहिले. इतके दिवस ती मला मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेलीच दिसत होती, त्या खोलीत एकटी पडलेली कधी दिसलीच नव्हती. खोली मी शोधून दिलेली.

"मॅडम," मी म्हणाले, "ती अंडी जुनी होती."

तिला कळलं नाही.

"फोनखालची. चाचा परसों म्हणाले ना, ते दोन दिवस नव्हे. हैदराबादेत परसों म्हणजे मागे कधीही. वीस दिवसांपूर्वीची असतील, महिन्याची असतील. दिव्यावर धरली तेव्हा पोकळी एवढी मोठी होती. ती उबवायला ठेवण्याआधीच गेल्यासारखी होती. फोन नसता तरी ती निघाली नसती."

ती उठली, टेबलाशी आली आणि माझी वही ओढून घेतली. रडणं थांबलं होतं. शिक्षिका जागी झाली होती तिच्यातली. "म्हणजे फोनने काही होत नाही?"

"ते मी कुठे म्हणते? होत असेल, नसेलही. आपल्या या अंड्यांवरून ते सांगता येणार नाही."

"म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नाही," ती हळूच म्हणाली. मग तिने दीर्घ श्वास सोडला. काहीच न कळल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. तो छापलेला तक्ता, परिसंवाद, मॅडमना काय सांगायचं, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं मला दिसलं, आणि तिने ते बाजूला ठेवलेलंही दिसलं.

पिशवीतून तिने तो स्टीलचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, मीच उघडून दिलं. फोन टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवून तिने स्पीकर लावला आणि आईला फोन केला. "अगं आई, नाही गं, रुसले कशाला? फोन बिघडला होता." पलीकडून आई एकदम इतकी रागावली, इतकी रडली, की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर जायला हवं होतं, पण वाटेत ती होती.

फोन संपल्यावर खोलीत इन्क्युबेटरची घरघर तेवढी राहिली. तिने डोळे पुसले. वहीवर बोट ठेवून, वर न बघता तिने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं ताई?"

"परवा," माझ्या तोंडून निघालं. सवयीने निघालं, की वेळ मारून न्यायला निघालं, देव जाणे.

तिने मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं. आणि इतक्या महिन्यांत जी दखनी तिने एकदाही तोंडात घेतली नव्हती, त्या दखनीत, अगदी आमच्या गल्लीतल्यासारखं विचारलं,

"कौनसे परसों?"